युरोपला तिघं, फोन तीन, लॅपटॉप एक. नेटची सोय कशी करावी?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आई-बाबांना घेऊन युरोपला जातेय. टूर कंपनी नाही, आपलं आपण. पॅरिस, तिथून रेल्वेने बासेलमार्गे इंटरलाकेन, मग मिलान, फ्लोरेन्स आणि शेवटी रोम. व्हिसा झाला, हॉटेलं झाली, रेल्वेची तिकिटं झाली. मेतकूट आणि लसणाच्या चटणीचं खातं आईकडे आहे, त्याची मला काळजी नाही. घोडं अडलंय ते इंटरनेटपाशी.

परिस्थिती अशी. माझा फोन आयफोन १३. बाबांचा साधा अँड्रॉइड, दोन सिम मावणारा. आईचा त्याहून साधा. त्यात दुसऱ्या सिमच्या जागी मेमरी कार्ड बसलंय, त्या कार्डात भजनी मंडळाचे सगळे व्हिडिओ आहेत आणि ते काढायचं नाही असा हुकूम आहे. तिघांचीही सिमं प्रीपेड.

बाबा सहकारी बँकेतून निवृत्त झालेत. बँक, पेन्शन, म्युच्युअल फंड, गॅसचं बुकिंग, सगळं त्यांच्या नंबरला जोडलेलं. ओटीपी येत नाही म्हटलं तर पॅरिसमध्येसुद्धा त्यांना झोप लागायची नाही. आईला रोज नातवाशी व्हिडिओ कॉल. आणि मला पूर्ण सुट्टी मिळालेली नाही; आठवड्यातून दोनदा क्लायंटबरोबर मीटिंग आहे, आपल्या संध्याकाळी साडेसातला. तिथे तेव्हा दुपारचे चार, म्हणजे ऐन फिरायची वेळ.

डोक्यात तीन पर्याय आहेत. तिघांच्या सिमवर इंटरनॅशनल रोमिंगचे पॅक मारणं. किंवा पॉकेट वायफाय, म्हणजे सिम घालून जवळच्या फोनना वायफाय देणारी छोटी डबी, भाड्याने घेणं. माझे जिजाजी जपानला घेऊन गेले होते, त्याचे गुण गाताना थकत नाहीत. किंवा ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्ये नेटवरून बसवायचं सिम. बाबांच्या मते चौथा पर्याय आहे: 'हॉटेलात वायफाय असतंच की.'

किती जीबी लागतील याचा तक्ता मी करायला घेतला होता, पण खरं सांगायचं तर मला जीबीची भीतीच वाटत नाहीये. बाबा भराभर पुढे चालतात. नाशिकला मेन रोडवरसुद्धा ते दिसेनासे होतात. लूव्रमध्ये ते कुठल्या दालनात शिरलेत हे मला कसं कळणार?

अण्णा_डोंबिवली

ताई, एवढा काथ्याकूट कशाला? हॉटेलात वायफाय, स्टेशनवर वायफाय, कॉफीच्या दुकानात वायफाय. सकाळी निघताना नकाशा उतरवून घ्यायचा आणि दिवसभर फोन खिशात. चार दिवस नेट नसलं तर काय बिघडतं? नातू कुठे पळून जात नाही.

र्‍हाईनपल्याड

अण्णा, तुमचं म्हणणं एकट्या माणसाला लागू पडतं. पण फुकट वायफायची एक गंमत ऐका. इटलीत अनेक ठिकाणी लॉगिन करताना आधी मोबाइल नंबर मागतात आणि त्यावर कोड पाठवतात. म्हणजे नेट मिळवायला आधी चालू फोन पाहिजे. आणि उतरवून घेतलेला गूगलचा नकाशा नेट नसताना गाडीचा रस्ता दाखवतो, पण बस-ट्रॅम-मेट्रो कुठली घ्यायची ते सांगत नाही, पायवाटही सांगत नाही. ही मंडळी गाडीने फिरणार नाहीत.

गोदाकाठची, तू बासेलवरून जाणार म्हणजे जवळजवळ माझ्या दारावरून जाणार. मी मूळची चिपळूणची. राहते बासेलला लागून, पण फ्रान्सच्या हद्दीत. नोकरी बासेलमध्ये. रोज सकाळी-संध्याकाळी सीमा ओलांडते, त्यामुळे या विषयावर माझी मतं जरा ठाम आहेत.

पहिली गोष्ट: 'युरोप' या नावाचा प्लॅन घेऊ नकोस, देशांची यादी वाचून घे. १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्यासारखं चालतं, वेगळं रोमिंग लागत नाही (परदेशात वापरायच्या डेटाला कंपन्या मर्यादा घालू शकतात, ते प्लॅनवर लिहिलेलं असतं). युनियनच्या २७ देशांशिवाय नॉर्वे, आइसलँड आणि लिखटेनस्टाइन त्यात आहेत. स्वित्झर्लंड नाही. ब्रिटनही बाहेर पडला. आता तुझा रस्ता बघ: फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली. दोन्ही टोकं आत आणि मधला तुकडाच बाहेर! पॅरिसमध्ये साधं स्थानिक सिम घेतलंस तर ते रोममध्ये छान चालेल आणि इंटरलाकेनला एकतर बंद पडेल नाहीतर बिल फाडेल. पर्यटकांसाठीच्या काही सिममध्ये आणि बऱ्याच ई-सिममध्ये स्वित्झर्लंड असतं. 'युरोप ३०+ देश' असल्या जाहिरातीवर जाऊ नकोस, यादीत स्वित्झर्लंड हे नाव डोळ्यांनी बघ.

दुसरी गोष्ट: मोबाइलचे टॉवर पासपोर्ट बघत नाहीत. माझ्या स्वयंपाकघरात फोन फ्रेंच नेटवर्कवर असतो आणि गॅलरीत गेलं की स्विस. तुमची गाडी बासेलला पोचायच्या आधीच फोन स्विस टॉवर पकडेल. मिलानहून कोमोला एका दिवसाची फेरी मारणार असाल (मारा, आईला आवडेल), तर तिथेही हेच. कोमोला खेटून स्वित्झर्लंडचं कियासो आहे. ज्यांच्या प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड नाही त्यांनी अशा ठिकाणी नेटवर्क 'ऑटोमॅटिक' वरून काढून हाताने निवडावं. तुमच्या प्लॅनमध्ये ते असलं की ही कटकटच नाही. म्हणून म्हणते, ते आधी बघ.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच मुख्य. तू दोन कामांची गल्लत करते आहेस. भारतातला नंबर जिवंत ठेवणं हे एक काम आणि इंटरनेट मिळवणं हे दुसरं. ओटीपीला नंबर लागतो, नेट लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपला नेट लागतं, नंबर एकदा नोंदवलेला असला की झालं, ते कुठल्याही सिमच्या नेटवर चालतं. नवं सिम टाकल्यावर 'नंबर बदलायचा का' असं त्याने विचारलंच तर नाही म्हणायचं. ही दोन कामं सुटी केलीस की निम्मा गोंधळ मिटतो.

आता पॉकेट वायफाय. जिजाजींचा अनुभव खोटा नाही. कुटुंब दिवसभर एकत्र फिरत असेल तर ते सोयीचंच. पण ते म्हणजे एका छत्रीत तिघं. ज्याच्या हातात डबी तो कोरडा, दहा-पंधरा मीटर पुढे गेलेला माणूस भिजला. आणि तुझी भीती नेमकी पुढे गेलेल्या माणसाचीच आहे. शिवाय त्या डबीची बॅटरी वेगळी चार्ज करायची, हरवली तर भरपाई द्यायची, घ्यायला आणि परत द्यायला जायचं. रोमला विमान पकडायच्या गडबडीत हे एक जास्तीचं काम.

तेव्हा जीबी मोजू नकोस, माणसं मोज. घोळक्यातून सुटणारं कोण? बाबा. मग बाबांच्या फोनमध्ये त्यांचं स्वतःचं नेट पाहिजे म्हणजे पाहिजे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन सुरू करून द्यायचं. त्यांच्याकडे दोन सिमच्या जागा आहेत: एकात भारताचं सिम तसंच राहू दे, दुसऱ्यात प्रवासाचं सिम. तुझ्यासाठी ई-सिम. आई तुझा हात सोडणार आहे का? नसेल तर तिला तुझ्या फोनचा हॉटस्पॉट आणि रात्री हॉटेलचं वायफाय पुष्कळ झालं. भजनी मंडळाला धक्का लावायची गरज नाही.

गोदाकाठची

ताई, 'माणसं मोज' हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले. खरंच. आई माझा हात सोडणार नाही, उलट मलाच सोडू देणार नाही.

पण मग दोन शंका. ई-सिम घेतलं की माझं भारतातलं सिम बंद पडतं का? आणि बाबांचा ओटीपी युरोपात येण्यासाठी त्यांच्या सिमवर पॅक मारावाच लागेल का?

सिमकार्ड_सातारकर

नमस्कार ताई. साताऱ्यात आपलं मोबाइलचं छोटं दुकान आहे. शाळांना सुट्ट्या लागल्या की रोज कुणी ना कुणी हेच विचारायला येतं, म्हणून लिहितो.

तुमचं भारताचं सिम चालूच राहतं. आयफोन १३ मध्ये एक सिम आणि एक ई-सिम एकाच वेळी चालतात. फक्त सेटिंगात तीन गोष्टी बघा. मोबाइल डेटासाठी ई-सिमची लाइन निवडा. भारताच्या लाइनचं डेटा रोमिंग बंद करा. आणि 'डेटा स्विचिंगला परवानगी' असं एक बटण असतं ते बंद करा, नाहीतर ई-सिमचं नेटवर्क गेलं की फोन आपणहून भारताच्या सिमवर डेटा ओढायला बघतो.

ई-सिमच्या लाइनचं डेटा रोमिंग मात्र चालूच ठेवायचं. इथे निम्मी माणसं फसतात. प्रवासाची बहुतेक ई-सिम त्या देशाची नसतातच, ती तिकडल्या नेटवर्कवर पाहुणी असतात. रोमिंग बंद केलं की ती चालत नाहीत आणि माणूस विमानतळावर उभा राहून 'ई-सिम बोगस निघालं' म्हणून फोन करतो.

ई-सिम घरच्या वायफायवरच बसवून घ्या, तिकडे पोचल्यावर नाही, कारण ते बसवायलाच नेट लागतं. बहुतेकांची मुदत तिकडचं नेटवर्क पकडल्यावर सुरू होते, काहींची खरेदीच्या दिवसापासून. तेवढं वाचून घ्या. आणि काम होत नाही म्हणून चिडून डिलीट करू नका. पुष्कळ कंपन्यांचा क्यूआर कोड एकदाच चालतो.

आई-बाबांच्या फोनमध्ये ई-सिम चालतं का ते बघायला *#०६# डायल करा. आयएमईआयसोबत ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर चालतं. नसेल दिसत तर साधं सिम.

ओटीपीचं बोलायचं तर रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला साधारणपणे पैसे पडत नाहीत, पण सिमने तिकडचं नेटवर्क पकडायला तर पाहिजे. प्रीपेडवर इंटरनॅशनल रोमिंग बऱ्याचदा आपोआप चालू नसतं. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बघा, नाहीतर ग्राहक सेवेला फोन करून विचारा की नुसता एसएमएस यायला काय करावं लागेल. छोट्यात छोटा पॅक मारायला सांगितलं तर बाबांच्या नंबरवर मारा. आणि सगळ्यात आधी भारतातलं नेहमीचं रिचार्ज तपासा. ते मध्येच संपलं तर परदेशी पॅक असून उपयोग नाही. परत येऊन आठवडाभर पुरेल इतकी मुदत ठेवून निघा.

आता र्‍हाईनवाल्या ताईंशी माझं एका ठिकाणी जमत नाही. आईंना नुसत्या हॉटस्पॉटवर ठेवू नका. माणूस कितीही हात धरून असला तरी मेट्रोचं दार मध्येच लागतं. आई प्लॅटफॉर्मवर आणि तुम्ही आत, मग हॉटस्पॉट गेला तुमच्याबरोबर. आईंच्या आहे त्याच सिमवर रोमिंगचा पॅक मारून द्या. थोडा महाग पडेल, पण सिम बदलायचं नाही, नवा नंबर लक्षात ठेवायचा नाही, मेमरी कार्ड काढायचं नाही. तुम्ही नेहमीच्या नंबरवर फोन केला की तो आईंना लागणार. वयस्कर माणसाच्या फोनमध्ये जितकं कमी बदलाल तितकं बरं, हे मी दुकानात रोज बघतो.

र्‍हाईनपल्याड

सातारकर, मेट्रोच्या दाराचा मुद्दा बिनतोड आहे. पॅरिसच्या मेट्रोची दारं खरंच कुणासाठी थांबत नाहीत. आईला रोमिंग पॅक, मान्य.

त्यात एकच भर. पॅकमध्ये येणाऱ्या कॉलची मिनिटं आहेत का ते बघा. नुसत्या डेटाचा पॅक असेल तर फोन उचलल्यावरही पैसे जातात, आणि गावाकडून 'पोचलात का' विचारणाऱ्यांना ते ठाऊक नसतं.

वडापाव_आणि_वायफाय

मध्येच घुसतो. माझ्याकडे घरात जिओफायची (जिओच्या पॉकेट वायफायची) डबी धूळ खात पडलीये. त्यात पॅरिसचं सिम घातलं तर फुकटात पॉकेट वायफाय होणार नाही का? गोदाकाठचीताईंना हवी असेल तर देतो, ठाण्यात असतो.

सिमकार्ड_सातारकर

नाही होणार, दादा. ती डबी जिओच्या सिमलाच बांधलेली असते. आणि समजा कुणी खुली करून दिली तरी तिचे ४जी बँड, म्हणजे ज्या लहरींवर ती टॉवरशी बोलते ते पट्टे, ३, ५ आणि ४० एवढेच. युरोपात बँड ३ शहरात मिळेल, पण शहराबाहेर तिकडे बँड २० वर, म्हणजे ८०० मेगाहर्ट्झवर बरीच भिस्त असते. तो बँड आपल्याकडे वापरातच नाही. शिवाय २८ आणि ७ आहेत. बँड ४० तिकडे जवळपास नाहीच. त्यामुळे डबी पॅरिसमध्ये थोडीफार चालेल आणि रेल्वे डोंगरात शिरली की मुकी होईल.

प्रवासासाठी राउटर विकत घ्यायचाच असेल तर खोक्यावर १, ३, ७, ८, २० आणि २८ हे बँड आहेत का बघा, आणि तो 'अनलॉक्ड' आहे का विचारा. फोनचंही तेच. हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये हे असतात, पण अगदी स्वस्त फोनचे बँड कंपनीच्या साइटवर बघून घेतलेले बरे. ताई, आई-बाबांच्या मॉडेलचं नाव टाका, मी बघून सांगतो.

रात्रपाळी

मीटिंगबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी. गेली काही वर्षं घरून काम आणि गाडीतून काम असंच चाललंय.

कॅमेरा चालू ठेवून चार-सहा जणांची मीटिंग तासाला साधारण एक जीबी खाते. कॅमेरा बंद, नुसता आवाज, तर शंभर एमबीच्या आत. तेव्हा क्लायंटला पहिल्याच मिनिटाला सांगायचं की मी प्रवासात आहे, कॅमेरा बंद ठेवतेय. कुणी काही म्हणत नाही. स्क्रीन दाखवायची असेल तर फाइल आधी मेल करून ठेवायची.

'अनलिमिटेड' ई-सिमपासून जपून. त्यातल्या बऱ्याच जणांना रोजची मर्यादा असते, ती संपली की वेग इतका उतरतो की व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर तेवढा जातो. आणि काहींमध्ये हॉटस्पॉटच बंद असतो किंवा त्याला वेगळी मर्यादा असते. तुला लॅपटॉप जोडायचाय, आईला अधूनमधून नेट द्यायचंय, मग 'हॉटस्पॉट चालतो' हे स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. ठरावीक जीबीचा प्लॅन घे, संपलाच तर वर टॉप-अप मार.

आणखी एक भानगड, जी फारसं कुणी सांगत नाही. तू पॅरिसमध्ये बसलेली असलीस तरी ई-सिमचं नेट बाहेरच्या जगात निघतं ते कंपनीचं दार जिथे असेल तिथून. कधी पोलंड, कधी सिंगापूर, कधी हाँगकाँग. ऑफिसच्या व्हीपीएनला (ऑफिसच्या नेटवर्कमध्ये बाहेरून शिरायच्या सुरक्षित वाटेला) वाटतं की कुणीतरी हाँगकाँगहून घुसतंय, आणि खातं लॉक. बँकेच्या अ‍ॅपलाही असंच वाटू शकतं. भारतीय सिमवरचं रोमिंग याच्या बरोब्बर उलट: डेटा साधारणपणे भारतात जाऊन मग बाहेर पडतो, म्हणून तिकडे बसूनही आपला पत्ता भारतातला दिसतो. वळसा पडतो, वेग जरा कमी वाटतो, पण व्हीपीएन आणि बँकेची अ‍ॅप कुरकुर करत नाहीत. क्लायंट भारतातच असेल तर तो वळसा तसाही घ्यायचाच आहे. तेव्हा निघण्याआधी आयटीवाल्यांना मेल टाकून ठेव: अमुक तारखा, अमुक देश. मेलला उत्तर आल्याशिवाय विमानात बसू नकोस.

आणि मीटिंगच्या दिवशी चार वाजता रेल्वेत असू नकोस. इंटरलाकेनहून मिलानला जाताना सिम्प्लॉनचा बोगदा लागतो, जवळजवळ २० किलोमीटरचा. त्याच्या अलीकडे स्वित्झर्लंड, पलीकडे इटली. बोगदा, सीमा आणि नेटवर्क बदलणं एकाच वेळी, आणि वर क्लायंट! तो प्रवास सकाळी उरक किंवा मीटिंग नसलेल्या दिवशी ठेव. एरवी तीन वाजता हॉटेलवर परत ये, हॉटेलच्या वायफायवर एकदा वेग तपास, बरा नसेल तर फोनचा हॉटस्पॉट. त्या तासात आई-बाबा झोप काढतील. जूनमध्ये तिकडे रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, दुपारची झोप वाया जात नाही.

निवृत्त_शाखाधिकारी

तुमच्या वडिलांचा मी समदुःखी आहे, म्हणून लिहितो. त्यांना सांगा की परदेशात दुकानात कार्ड मशीनमध्ये घातलं की पिन लागतो, ओटीपी नाही. मात्र कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या अ‍ॅपमधून आधी चालू करून ठेवावा लागतो. २०२० पासून तो सहसा मुळात बंदच असतो आणि आपण स्वतः उघडायचा असतो. मर्यादाही तिथेच घालता येते. तिचा उपयोग करा.

ओटीपी एसएमएससोबत ई-मेलवरही पाठवण्याची सोय काही बँका देतात. शाखेत जाऊन विचारायला सांगा, त्यांना शाखेत जायला आवडेलच.

आणि भारताचं सिम फोनमधून काढायचं नाही. यूपीआयची अ‍ॅप सिमला बांधलेली असतात. सिम काढून पाकिटात ठेवलं, की अ‍ॅप पुन्हा पडताळणी मागतं आणि त्यासाठी भारताच्या नंबरवरून एसएमएस जावा लागतो. परदेशातून हे काम चिवट होतं. दोन सिमची जागा आहे हे तुमच्या वडिलांचं नशीब समजा. एफडी मोडणं-जोडणं, नवा नॉमिनी लावणं वगैरे हौस परत आल्यावर. प्रवासात फक्त खर्च करावा.

अण्णा_डोंबिवली

शाखाधिकारी साहेब, शेवटच्या वाक्याला नमस्कार.

मी अजूनही म्हणतो की माणसाला एवढं नेट लागत नाही. पण वडील हरवण्याचा मुद्दा आला की माझी बाजू लंगडी पडते, हे कबूल. त्यांच्या खिशात हॉटेलचं कार्ड ठेवा. त्याला बॅटरी लागत नाही.

गोदाकाठची

किती छान प्रतिसाद! बाबांना सगळे वाचून दाखवले. शाखाधिकारी काकांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. 'बघ, मी हेच म्हणत होतो' असंही म्हणाले. त्यांनी यातलं काहीही म्हटलेलं नव्हतं.

*#०६# केलं. दोघांच्याही फोनमध्ये ईआयडी नाही. म्हणून असं ठरवलंय: माझ्यासाठी स्वित्झर्लंडसकट चालणारं, हॉटस्पॉटला परवानगी असलेलं ठरावीक जीबीचं ई-सिम. आईच्या आहे त्याच सिमवर रोमिंगचा पॅक, कॉलच्या मिनिटांसकट. बाबांच्या भारताच्या सिमवर ओटीपी येण्यापुरती सोय आणि दुसऱ्या जागेत प्रवासाचं साधं सिम. आयटीला मेल टाकलाय, उत्तराची वाट बघतेय. मिलानचा प्रवास सकाळचाच होता, सुटले.

बाबांचं सिम इथून मागवू की पॅरिसला घेऊ? आणि र्‍हाईनपल्याडताई, जाता जाता अजून एक. चार्जरच्या पिनांचं काय? तीन देशांत तीन प्रकार लागतात असं कुठेतरी वाचलं आणि पोटात गोळा आला.

र्‍हाईनपल्याड

सिम पॅरिसलाच घे, पण विमानतळावरच्या स्टॉलवर नको. तिथे निवड कमी आणि भाव चढे. पहिल्या दिवशी हॉटेलवर सामान टाकून शहरातल्या मोबाइल कंपनीच्या दुकानात जा. ऑरेंज, एसएफआर, बुइग, कुणाचंही चालेल. बाबांचा पासपोर्ट बरोबर ने. दुकानातल्या मुलाला फोन दे, नेट चालू करून दाखव म्हण, आणि फोनच्या भाषेत गडबड करू देऊ नकोस; काही जण फ्रेंच करून देतात आणि मग बाबांना 'सेटिंग' सापडत नाही. पैसे देण्याआधी 'स्विस?' असं विचार आणि यादीत बोट ठेवून दाखवायला सांग. तिकडे पोचेपर्यंतच्या काही तासांत बाबा पुढे चालू लागले तर मात्र मी काही करू शकत नाही.

पिनांचं: तिन्ही देशांच्या सॉकेटचा आकार वेगळा हे खरं, पण बारीक गोल दोन पिनांचा चपटा षटकोनी प्लग तिन्हीकडे बसतो. आपल्याकडच्या पुष्कळ फोन चार्जरना तोच असतो. अडचण येते ती जाड, गोल बुडाच्या चार्जरची, कारण स्विस सॉकेट भिंतीत खोलगट असतं आणि जाड बूड आत शिरत नाही. आणि लॅपटॉपचा तीन पिनांचा भारतीय प्लग कुठेच शिरणार नाही, त्याला अ‍ॅडॉप्टर लागेल. स्वित्झर्लंड लिहिलेला एक घे. एक छोटा एक्सटेन्शन बोर्ड नाशिकहून आण, एका अ‍ॅडॉप्टरवर तिघांचं सगळं चार्ज होईल.

दिवसभर लाइव्ह लोकेशन चालू राहिलं की बाबांची बॅटरी दुपारीच माना टाकेल, म्हणून पॉवर बँक लागेल. ती हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात चालत नाही. १०० वॉट-अवरच्या आतली विनापरवानगी नेता येते; २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते. कुठल्या विमानाने येताय? एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवाशाला एकच पॉवर बँक आणि तीही विमानात वापरायची नाही असा नियम केलाय. बाकीच्यांचं त्यांच्या साइटवर बघ.

सिमकार्ड_सातारकर

ताई, निघायच्या आदल्या रात्री तिन्ही फोनमधलं फोटो-बॅकअप 'फक्त वायफायवर' करा आणि व्हॉट्सअ‍ॅपचं आपोआप डाउनलोड बंद करा. आईंचं आधी. भजनी मंडळ सकाळी सहाला सुप्रभातचे व्हिडिओ टाकणार, तिकडे तेव्हा रात्रीचे अडीच असणार, आणि पॅकमधला डेटा झोपेतच संपणार.